एवढं शिकून शेवटी वेड्यांची डॉक्टर?

या वेळी पत्रं चाळताना लक्षात आलं, की निपाणी, बेळगाव, खानापूर आणि चिकोडी अशा चार ठिकाणांहून आलेली चार पत्रं एकाच दुखण्याबद्दल बोलतायत. डॉक्टर व्हायला निघालेली आपली पोरं मानसिक आजाराकडे आणि तो आजार असलेल्या माणसाकडे कशी बघतात, हे ते दुखणं. म्हणून या अंकात एवढीच चार घेते. ओळख पटेल असे तपशील नेहमीप्रमाणे काढले आहेत.

प्रश्न : मी निपाणीत हायस्कूलला गणित शिकवतो. मुलीची इंटर्नशिप संपली, नीट-पीजीला रँक चांगली आली. मेडिसिन किंवा बालरोग मिळू शकतं, पण ती एमडी सायकियाट्रीच (मानसोपचार) घेणार म्हणून हटून बसलीय. तिचे मामा म्हणतात, एवढं शिकून शेवटी वेड्यांची डॉक्टर व्हायचं? कॉलेजातल्या एका सरांनीही तिला ‘रँक वाया घालवू नको’ म्हणून सांगितलं म्हणे. स्थळं बघायला सुरुवात केली आहे, तिथंही हाच विषय निघतो. शिवाय त्या पेशंटांत राहून तिच्याच मनावर परिणाम होईल अशी मला भीती वाटते. तिला थांबवू का?

उत्तर : गुरुजी, थांबवू नका. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं तुम्हाला निवांत वाचता येईल.

मामांचं बोलणं मनाला लावून घेऊ नका. धारवाडला ब्रिटिशांच्या काळापासून मनोरुग्णालय आहे, त्यामुळे कुणी जरा वेगळं वागलं की ‘याला धारवाडला पाठवा’ असं म्हणायची आपल्याकडे सवयच पडून गेलीय. मी स्वतः मानसोपचार हा विषय घेतला तेव्हा खानापूरकडच्या आमच्या घरी आजीनं काळजीनं विचारलं होतं, ‘मग ताप आल्यावर तू गोळी देणार नाहीस काय गं?’ तिला वाटलं, पोरगी डॉक्टरकी सोडून दुसरंच काही शिकायला निघाली. आजीचं ठीक आहे. मला जास्त लागलं ते त्या सरांचं वाक्य. वर्गातल्या पोरांपुढे असं बोललं जातं, आणि चार-सहा वर्षांनी तीच पोरं निपाणी, चिकोडी, अथणीच्या दवाखान्यांत खुर्चीवर बसतात. मग झोप उडालेली, जेवण तुटलेली एखादी बाई समोर आली की तिला बी-कॉम्प्लेक्सचं इंजेक्शन टोचून घरी पाठवतात.

आजीच्या प्रश्नाचं उत्तर मात्र तुम्हालाही देते, कारण तुमच्या मनातही थोडं तेच असणार. मोटरसायकलवरून पडून मांडीचं हाड मोडलेला माणूस हाडांच्या वॉर्डात दाखल होतो. रोज पिणारा आहे, हे कुणी विचारलेलं नसतं आणि घरच्यांनी लाजेनं सांगितलेलं नसतं. दारू बंद झाल्यावर तिसऱ्या रात्री त्याला चादरीवर किडे चालताना दिसायला लागतात, अंगाला दरदरून घाम सुटतो, हात थरथरतात, आणि वजन लावलेला पाय ओढत तो खाटेवरून उतरायला बघतो. वॉर्डातली पोरं त्याचे हात बांधतात आणि ‘पेशंट सायकिक झालाय’ म्हणून आम्हाला निरोप धाडतात. त्याला वेड लागलेलं नसतं. दारू एकदम तुटल्यानं मेंदूची घडी विस्कटलेली असते, आणि वेळेत ओळखलं नाही तर माणूस दगावतो. त्याला कुठलं शामक किती द्यायचं, ग्लुकोज चढवायच्या आधी थायमिन, म्हणजे बी-१ जीवनसत्त्व, द्यायचं, हे ज्याला येतं तो त्याला वाचवतो. ही डॉक्टरकीच आहे. मनाचा तोल सांभाळणारं लिथियम हे औषध चालू असलेल्याची रक्तातली पातळी बघावी लागते, थायरॉइड आणि मूत्रपिंड तपासावं लागतं. ज्या शॉक ट्रीटमेंटच्या नावानं लोक दचकतात, ती भूल दिल्याशिवाय द्यायला २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानं बंदी आहे. ती ऑपरेशनसारखीच तयारी करून, भूलतज्ज्ञ शेजारी उभा करून दिली जाते.

तुमची मुलगी मराठी आणि कन्नड दोन्ही सफाईनं बोलते, असं तुम्ही सहज लिहून गेलात. गुरुजी, या विषयात ती मोठी पुंजी आहे. आमच्याकडे शिकायला केरळ, राजस्थान, दिल्ली असं कुठून कुठून पोरं येतात. हुशार असतात, कष्टाळूही असतात. पण समोर खानापूर तालुक्यातली एखादी म्हातारी बसलेली असते. नवरा गेल्यापासून काय काय झालं, सून काय म्हणाली, रात्री गोठ्याकडे बघत बसल्यावर छातीत कसं कालवतं, हे ती पाच मिनिटं सांगत राहते. मध्ये बसलेली आया विद्यार्थ्याकडे वळून म्हणते, ‘झोप नहीं आती बोलती.’ विद्यार्थी लिहून घेतो : निद्रानाश. पोट दाबून बघता येतं, छातीला नळी लावता येते, भाषा नसली तरी तिथं निभतं. आमच्याकडे बोलणं हीच तपासणी. ती त्याच्या हाताला लागत नाही, मग त्याला वाटतं या विषयात काही दमच नाही. तुमच्या मुलीला ती म्हातारी थेट ऐकू येईल.

मनावर परिणामाचं म्हणाल, तर मानसिक आजार शेजारी बसून लागत नाही. काम मात्र दमवतं, हे खरंय. आपण बघत असलेला पेशंट आत्महत्या करतो तेव्हा तरुण डॉक्टर आतून हलतो, रात्र-रात्र ‘मी अजून काय विचारायला हवं होतं’ हेच घोळत राहतं. म्हणून ती कुठल्या विभागात जातेय हे बघताना एक चौकशी जरूर करायला सांगा : असं झाल्यावर तिथले सीनियर निवासी डॉक्टरांना जवळ घेऊन बसतात, की नुसती फाइल मागतात? सीटच्या यादीत हे छापलेलं नसतं, तिथं शिकणाऱ्या पोरांना विचारल्यावरच कळतं.

आणि स्थळं. ज्या घराला तिचं काम सांगायला लाज वाटते, त्या घरात कुणाला उद्या बाळंतपणानंतर उदासपणा आला तर तेही झाकूनच ठेवलं जाईल. असं घर आधीच कळलं तर बरं. कमाईची काळजी नको. देशात लाख माणसांमागे सरासरी एकही मानसोपचारतज्ज्ञ येत नाही, आणि निपाणीकडची माणसं आजही कोल्हापूर, मिरज, बेळगाव अशी धावत असतात.

प्रश्न : मॅडम, मी बेळगावात इंटर्नशिप करतोय. खरं सांगतो, रात्री दोन वाजता फवारणीचं विषारी औषध पिऊन आलेला पेशंट कॅज्युअल्टीत आणला की मला राग येतो. एकीकडे ॲक्सिडेंटचे पेशंट खोळंबलेले असतात, आणि यांनी स्वतःच्या हातानं करून घेतलेलं असतं. आमचे सीनियर तर त्यांच्यासमोरच म्हणतात, ‘खरंच मरायचं असतं तर असं केलं नसतं, नुसतं घाबरवायला करतात.’ सायकियाट्रीच्या पोस्टिंगमध्ये आमच्या लॉगबुकवर सह्या झाल्या, बाकी वेळ आम्ही पीजीच्या एमसीक्यू सोडवत होतो. माझा राग चुकीचा आहे का? आणि या पेशंटांवर एवढे कष्ट घेऊन खरंच काही उपयोग होतो का? मला तरी आजवर एकही बरा झालेला दिसला नाही.

उत्तर : बाळा, तू मोकळेपणानं लिहिलंस हे फार चांगलं केलंस. तुझ्या शेवटच्या वाक्यापासून सुरुवात करते, कारण सगळी गोम तिथं आहे.

बरा झालेला तुला दिसणार कसा? तू जिथं उभा असतोस तिथं तो येतच नाही. कॅज्युअल्टीत येतो तो आजार अगदी शिगेला पोचल्यावर, चौघांनी धरून, कधी दोरीनं बांधून. वॉर्डात दिसतात ते बरे होता होता पुन्हा बिघडलेले. उदासपणावरच्या औषधाचा गुण दिसायला दोन ते चार आठवडे लागतात, आणि तुझी पोस्टिंग दोन आठवड्यांची. पहिल्या दिवशी तू ज्याची केस लिहिलीस, तो थोडं हसून बोलायला लागेपर्यंत तू पुढच्या विभागात गेलेला असतोस. न्यूमोनियाचा पेशंट आठवड्यात चालत घरी जाताना तू बघतोस, सिझेरियन झालेली बाई बाळ घेऊन जाताना बघतोस. आमच्याकडचा घरी जाताना बघायला तू तिथं नसतोस. मग पाच-साडेपाच वर्षं शिकलेल्या पोराची अशी खात्री होते, की ही माणसं बरी होतच नाहीत. त्यात परीक्षेला मानसोपचाराचा वेगळा पेपर नाही, मेडिसिनच्या पेपरात एखादा प्रश्न येतो, म्हणून अभ्यासही तेवढाच. इंटर्नशिपमधले हे दोन आठवडेही पूर्वी सक्तीचे नव्हते. तेव्हा हा विषय ऐच्छिकच्या यादीत होता, आणि कितीतरी डॉक्टर त्याला न शिवताच बाहेर पडले. आज तुला वॉर्डात शिकवणाऱ्यांत तेही आहेत.

मी विद्यार्थ्यांना वॉर्डात नेण्याआधी फेरतपासणीच्या ओपीडीत बसवायचे. वडगावचा एक विणकर यायचा, पॉवरलूमवर साड्या काढणारा. स्वच्छ इस्त्रीचा शर्ट, साडीच्या रिकाम्या प्लास्टिक पिशवीत तारीखवार लावलेले रिपोर्ट. एकदा तुझ्यासारख्याच एका इंटर्ननं त्याच्या हातातला केसपेपर घेतला, वाचला आणि विचारलं, ‘काका, पेशंट कुठं आहे?’ तो म्हणाला, ‘मीच की वो डॉक्टर.’ पोरानं पुन्हा कागदाकडे बघितलं. त्यावर लिहिलेलं होतं : बायपोलर आजार (कधी अति उत्साह, कधी खोल उदासी), दोनदा दाखल, पहिल्यांदा बांधून आणलेला. मग काकांनीच त्याला शिकवलं. मागच्या वेळी लिथियमची पातळी किती आली होती, ती तोंडपाठ. उन्हाळ्यात मागावर घाम जास्त जातो, तेव्हा पाणी आणि मीठ कमी पडू द्यायचं नाही, नाहीतर ती पातळी चढते, हे ठाऊक. हात नेहमीपेक्षा जास्त थरथरले, जुलाब-उलट्या झाल्या, तर पुढची गोळी न घेता लगेच दाखवायला यायचं, हे ठाऊक. झोप तीन तासांवर आली आणि डोक्यात धंद्याचे नवे नवे बेत यायला लागले की बायको पैशाची पेटी आपल्याकडे घेते आणि त्याला घेऊन इकडे येते, हेही त्यानं सांगितलं. बांधून आणलं होतं तेव्हाचं काय आठवतं, असं पोरानं चाचरत विचारलं. ‘सगळं आठवतंय की. तिथला एक शिकाऊ डॉक्टर माझ्याकडं बोट करून हसला होता, तेबी आठवतंय.’

त्या दिवशी त्या इंटर्ननं जे शिकलं ते माझ्या कुठल्याच लेक्चरनं झालं नसतं. बरी झालेली किंवा आजार सांभाळून नीट जगणारी माणसं समोर बसून बोलली की विद्यार्थ्यांची मतं बदलतात, हे जगभरच्या अनुभवातून दिसलेलं आहे. पण पुढच्या पोस्टिंगमध्ये सीनियरच्या तोंडून तेच जुनं ऐकू येत राहिलं की तो रंग उडतो. म्हणून एकदा बसून भागत नाही.

आता तुझा राग. दमलेल्या, झोप न झालेल्या माणसाला रात्री दोन वाजता राग येतो, त्यात मोठं काही नाही. तो खाटेपाशी तोंडातून बाहेर पडतो तिथं घात होतो. सीनियरचं ते वाक्य तर तपासून बघितलं तरी टिकत नाही. श्रीलंकेनं सर्वांत विषारी कीटकनाशकांवर बंदी घातल्यावर तिथल्या आत्महत्या मोठ्या प्रमाणात घटल्या. त्या लोकांचं दुःख त्या वर्षी संपलं नव्हतं. तो कडेलोटाचा क्षण येऊन गेला आणि हाताशी जीव घेणारी वस्तू नव्हती, म्हणून ते वाचले. आपल्याकडे ऊस, तंबाखू, द्राक्षाच्या घरात फवारणीची बाटली कोनाड्यातच असते. वाचला तो ‘घाबरवत होता’ आणि गेला तो ‘खरा होता’, असा हिशोब लावता येत नाही. बाटलीत काय होतं आणि गाडी किती लवकर मिळाली, यावर पुष्कळ ठरतं. आणि एकदा प्रयत्न केलेल्या माणसाला पुढेही धोका जास्त असतो, घरी गेल्यानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत तर फारच. तेव्हा तुझा पेशंट खाटेवर पडल्या-पडल्या काय ऐकतो, याला ॲट्रोपिनइतकंच, म्हणजे विषावरच्या उताऱ्याइतकंच महत्त्व दे.

कायदाही माहीत असू दे, कारण वॉर्डात अजून पोलिसांची भीती घातली जाते. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचं कलम ११५ म्हणतं, की आत्महत्येचा प्रयत्न केलेला माणूस तीव्र तणावाखाली होता असं धरून चालायचं, आणि त्याला उपचार मिळवून देणं ही सरकारची जबाबदारी आहे. आत्महत्येचा प्रयत्न हा गुन्हा ठरवणारं जुन्या दंडसंहितेतलं ३०९ कलम नव्या न्याय संहितेत घेतलेलंच नाही. एमएलसीचा, म्हणजे पोलिसांना कळवायचा कागद व्हायचा तो होईल, पण ‘तुझ्यावर केस होणार’ म्हणून दरडावायचं तुला काही कारण नाही.

पेशंट शुद्धीवर आला, धोका टळला, की खुर्ची ओढून बस. नातेवाइकांना जरा बाहेर पाठव. विचार, ‘त्या वेळी काय चाललं होतं मनात?’ आणि पुढे सरळ विचार, ‘अजून तसा विचार येतोय का?’ असं विचारल्यानं कुणाच्या डोक्यात विचार घुसत नाही. उलट, कुणीतरी विचारलं म्हणून माणूस सुटकेचा श्वास टाकतो. घरी सोडण्याआधी मानसोपचार विभागाला दाखवल्याशिवाय डिस्चार्ज कार्ड होऊ देऊ नकोस. सलाईन निघाली की लगेच घरी, हा आपल्याकडचा रिवाज फार महागात पडतो. घरच्यांना एवढं तरी सांग, की फवारणीचं औषध कुलपात ठेवा, किल्ली दुसऱ्याकडे द्या.

आणखी एक धोक्याची जागा दाखवते. केसपेपरवर आधीच मानसिक आजार लिहिलेला दिसला, की पुढचं सगळं त्याच खात्यात टाकलं जातं. स्किझोफ्रेनियाच्या एका जुन्या पेशंटला पोटात दुखतं म्हणून आणलं होतं, नाव-गाव काहीच सांगत नाही तुला. एका शिकाऊ डॉक्टरनं पोटाला हात न लावताच त्याला माझ्याकडे पाठवलं. पोट लाकडासारखं घट्ट होतं, अल्सर फुटला होता. तीव्र मानसिक आजार असलेली माणसं इतरांपेक्षा दहा ते वीस वर्षं आधी जातात, आणि ती बहुतेक हृदयविकार, मधुमेह, जंतुसंसर्ग अशा शरीराच्याच आजारांनी. त्यांच्या पोटाला हात लावायला उद्या तूच असणार आहेस.

राहिलेल्या महिन्यांत एवढं कर. विभागात जाऊन सांग, की फेरतपासणीच्या दिवशी मला बसू द्या. कुणी नाही म्हणणार नाही, उलट चहा पाजतील. आणि तू केस लिहिलेला कुणीतरी एक पेशंट निवड, त्याची पुढची तारीख वहीत लिहून ठेव आणि त्या दिवशी त्याला भेटायला जा.

प्रश्न : मॅडम, मी खानापूर तालुक्यातली. माझ्या धाकट्या जावेला झटके येतात. हातपाय ताठ होतात, अंग उडतं, डोळे घट्ट मिटलेले असतात, पंधरा-वीस मिनिटं चालतं. तिला बेळगावला एका दवाखान्यात नेलं होतं. तिथल्या शिकाऊ डॉक्टरनं तिच्या भुवईवर अंगठ्यानं जोरात दाबलं, ती कळवळली, तशी सगळ्यांसमोर म्हणाला, ‘काही झालेलं नाही, नाटक करतेय.’ तेव्हापासून सासूबाई आणि दीर तिला तसंच बोलतात. ती आता दवाखान्याचं नाव काढू देत नाही. घरचे म्हणतात सौंदत्तीला नेऊ. मी काय करू?

उत्तर : अक्का, तुमची जाऊ नाटक करत नाही. तुमच्या घरात हे कुणीतरी मोठ्यानं म्हणायला हवं, आणि ते तुम्हीच म्हणाल असं तुमच्या पत्रावरून वाटतं.

तुम्ही सांगितलेली लक्षणं, म्हणजे डोळे घट्ट मिटलेले आणि बराच वेळ चालणारा झटका, मिरगीपेक्षा वेगळ्या प्रकारच्या झटक्यांत जास्त दिसतात. मिरगीचा झटका बहुतेक वेळा दोन-तीन मिनिटांत थांबतो आणि डोळे उघडे असतात. या दुसऱ्या प्रकारात मेंदूत मिरगीसारखा विजेचा लोळ उठत नाही, म्हणून ईईजी, म्हणजे मेंदूचा आलेख, साफ येतो. पण माणसाचा ताबा खरोखर सुटलेला असतो, तो जाणूनबुजून हातपाय आपटत नसतो. मनावर असह्य ताण आला की शरीर असं वागू शकतं, आणि कधी कधी ताणाचं कारण त्या माणसाला स्वतःलाही सांगता येत नाही. मात्र पत्रावरून निदान होत नाही. काहींना दोन्ही प्रकारचे झटके असतात, म्हणून मेंदूच्या डॉक्टरांना एकदा दाखवायलाच हवं. पुढचा झटका येईल तेव्हा मोबाइलवर त्याचं चित्रण करून ठेवा, डॉक्टरांना त्याचा फार उपयोग होतो. झटका पाच मिनिटांत थांबला नाही आणि कुठल्या प्रकारचा ते अजून पक्कं ठरलेलं नसेल, ओठ निळे पडले, डोक्याला मार लागला, किंवा ती पोटुशी असेल, तर वाट न बघता दवाखाना गाठा.

भुवईवर दाबून बघतात ते बेशुद्ध माणूस किती प्रतिसाद देतो हे कळावं म्हणून. खोटं पकडायची ती युक्ती नव्हे. त्या पोरानं कुणातरी सीनियरला असं करताना बघितलं असणार आणि तसंच उचललं असणार. त्यानं घरच्यांना म्हणायला हवं होतं, ‘झटका खरा आहे, पण तो मिरगीचा नाही, आणि यावर उपचार आहे.’ तेवढ्यानं तुमच्या सासूबाई वेगळ्या वागल्या असत्या. तुम्ही परत जाल तेव्हा डॉक्टरांना बाजूला घेऊन आधीच सांगा, की मागच्या वेळी असं असं झालं, या वेळी तिच्यासमोर तसं बोलू नका. असं सांगायचा तुम्हाला पुरा हक्क आहे.

झटका आला की गर्दी हटवा, डोक्याखाली काहीतरी मऊ द्या, शेजारी बसून हळू आवाजात बोला. कांदा, चप्पल हुंगवू नका, तोंडात पाणी घालू नका, हातपाय दाबून धरू नका. एरवी ती शांत असताना, भाकऱ्या थापताना, पाण्याला जाताना, तिला बोलतं करा. खोदून विचारू नका. नव्यानं लग्न होऊन आलेल्या बाईच्या अंगावर काय काय असतं, तुम्हाला सांगायला नको.

सौंदत्तीला जायचं तर जा. यल्लम्मावर तिची श्रद्धा असेल तर तिला धीरच येईल. पण औषध आणि समुपदेशन त्यासाठी थांबवू नका, आणि अंगात आलंय म्हणून कुणी मारझोड करणार असेल तर तिला घेऊन निघा. जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराची ओपीडी आहे, धारवाडची सरकारी संस्था आहे. खानापूरकडच्या काहींना चोर्ल्यातून गोव्याला बांबोळीला जाणं सोयीचं पडतं, तिथंही मानसोपचाराची स्वतंत्र सरकारी संस्था आहे.

प्रश्न : मी चिकोडीचा, बाहेरगावी एमबीबीएस दुसऱ्या वर्षाला आहे. डिप्रेशनचं औषध चालू आहे, आता बरंच बरं वाटतं. होस्टेलवर कुणाला कळू नये म्हणून गोळ्या व्हिटॅमिनच्या डबीत ठेवतो. आमच्या कॉलेजच्या विभागात दाखवलं तर उद्या तेच सर माझी व्हायवा घेणार. मित्र वॉर्डातल्या पेशंटांना ‘सायको’ म्हणतात, मी गप्प बसतो. घरी आप्पांना सांगितलेलं नाही. परीक्षा जवळ आलीय, औषध बंद करून बघू का?

उत्तर : बंद करू नकोस. बरं वाटायला लागल्यावरही हे औषध साधारण सहा ते नऊ महिने चालू ठेवावं लागतं, आणि थांबवायचं ते डॉक्टरांनी सांगितल्यावर, हळूहळू कमी करत. एकदम सोडलं तर चक्कर, चिडचिड, झोपेचा गोंधळ होतो, आणि आजार उलटायची भीती असते. परीक्षेच्या तोंडावर तर डोसला हातच लावायचा नाही.

तू एकटा नाहीस. २०२४ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कृती गटानं देशभरच्या विद्यार्थ्यांना विचारलं, तेव्हा एमबीबीएसच्या २७.८ टक्के आणि पदव्युत्तरच्या १५.३ टक्के विद्यार्थ्यांनी आपल्याला मानसिक आजाराचं निदान झाल्याचं सांगितलं. म्हणजे तुझ्या मित्रांच्या टोळक्यात ‘सायको’ हा शब्द ऐकून गप्प बसणारा आणखी कुणीतरी असण्याचा संभव दांडगा आहे.

आपल्याच कॉलेजात दाखवायचं नसेल तर दाखवू नकोस. दुसऱ्या गावच्या डॉक्टरकडे जाणं ही काही लपवाछपवी नव्हे. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम २३ नं तुझ्या उपचारांची गुप्तता राखणं डॉक्टरांना बंधनकारक आहे, आणि औषध चालू आहे म्हणून उद्या डॉक्टर म्हणून तुझी नोंदणी अडणार नाही. आप्पांना सांगायची घाई नको, पण घरातल्या एकाला तरी सांग, आई, बहीण, जो तुझं ऐकून घेईल त्याला. मन पुन्हा खचतंय, नको ते विचार येतायत असं वाटलं, तर टेलिमानस या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर रात्रंदिवस चालू असतो, पैसे लागत नाहीत, तिथं मराठी आणि कन्नडमध्येही बोलता येतं.

आणि गोळ्या त्या डबीतून काढ, मूळ पाकिटातच ठेव, हवं तर कपाटाला कुलूप लाव. डबीत मिसळलेल्या गोळ्या अर्धवट झोपेत चुकून दोनदा घेतल्या जातात. कधी ताप येऊन किंवा अपघात होऊन तुला दाखल करावं लागलं, तर तपासणाऱ्या डॉक्टरला तुला काय चालू आहे हे नावासकट कळायला हवं.